कुलाब्याची गणितशाळा

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटला की जागा, इमारत आणि कोनशिला यांपासून सुरुवात करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गणित प्रशालेच्या बाबतीत हा भाग चटकन उरकता येतो. होमी भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले. जून १९४५ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात काम सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संस्था मुंबईत, पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. १९४९ मध्ये मुक्काम गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात हलला. जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरपाशी समुद्राला लागून उभ्या राहिलेल्या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. त्या वास्तूचे, तिथल्या हिरवळीचे आणि भिंतीवरच्या हुसेन यांच्या चित्राचे कौतुक आजवर पुष्कळांनी केले आहे. गणित प्रशालेची खरी घडण मात्र त्याआधीची, यॉट क्लबातली. तिथे कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली विशीतली मुले येत आणि पाच-सहा वर्षांत त्यांचे निबंध पॅरिस-प्रिन्स्टनमध्ये वाचले जाऊ लागत. ते कसे घडले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रशालेच्या अगदी पहिल्या प्राध्यापकांत दामोदर धर्मानंद कोसंबी होते. जन्म गोव्यातला, शिक्षण हार्वर्डचे, अध्यापन पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. मुंबईच्या संस्थेत काम करतानाही त्यांनी पुण्यातले घर सोडले नाही. डेक्कन क्वीनने ये-जा करत आणि गाडीत वाचनलेखन करत. जुन्या नाण्यांची वजने घेऊन त्यांवर संख्याशास्त्र चालवणारा आणि भारतीय इतिहासाचा पायाच नव्याने मांडणारा हा माणूस १९६२ पर्यंत संस्थेत होता. पण त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांची फळी उभी राहिली नाही. एकट्याच्या प्रतिभेवर संस्था नावारूपाला येऊ शकते, शाळा उभी राहतेच असे नाही. शाळेला वेगळ्या स्वभावाचा माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे के. चंद्रशेखरन. मद्रासला हार्डींचे शिष्य आनंद राव यांच्या हाताखाली ते तयार झाले होते आणि पुढे प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूटमध्ये हेरमान वाइल यांचे सहायक होते. भाभांनी त्यांना बोलावले आणि १९४९ मध्ये ते रुजू झाले. दोन वर्षांनी के. जी. रामनाथन आले. त्यांनी प्रिन्स्टनला एमिल आर्टिन यांच्याकडे डॉक्टरेट केली होती. चंद्रशेखरन यांचा विषय वैश्लेषिक संख्या-सिद्धांत आणि अनंत श्रेणी, रामनाथन यांचा द्विघाती रूपे. त्या काळच्या आपल्या विद्यापीठांतला शिरस्ता पाहता पुढची दहा वर्षे संस्थेतून श्रेणींवर आणि द्विघाती रूपांवर प्रबंध निघत राहायला हवे होते. गाईडचा जो विषय, तोच विद्यार्थ्याचा विषय. गाईडच्या जुन्या निबंधातली एखादी अट थोडी सैल करायची आणि प्रबंध बांधून घ्यायचा.

चंद्रशेखरन यांनी हे होऊ दिले नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांत सी. एस. शेषाद्री बैजिक भूमितीकडे गेले आणि एम. एस. नरसिंहन आंशिक विकलक समीकरणांकडे. दोन्ही विषय गाईडच्या अंगणाबाहेरचे. आपल्याला जे येत नाही ते विद्यार्थ्याला यावे अशी व्यवस्था करणे, हे चंद्रशेखरन यांनी आपले काम मानले. मला हे त्यांच्या स्वतःच्या निबंधांपेक्षाही मोठे वाटते. अशी उदारता नियमावलीत लिहून येत नाही.

व्यवस्था तरी काय होती? आलेल्या मुलाला लगेच प्रश्न दिला जात नसे. आधी बीजगणित, विश्लेषण आणि संस्थिती यांचा पाया, तोही बराचसा स्वतः वाचून आणि एकमेकांना शिकवून. सेमिनारमध्ये फळ्याजवळ उभे राहायचे ते विद्यार्थ्यानेच. समोर बसलेल्यांत दोन वर्षे पुढे असलेला विद्यार्थीही असे आणि प्राध्यापकही, आणि अडवण्याचा हक्क दोघांना सारखाच. प्रबंधाची घाई नव्हती. पदवी मुंबई विद्यापीठाची मिळत असे, पण संस्थेत पुढे सरकण्यासाठी तिची वाट पाहावी लागत नसे. काम दिसले की बढती होई.

विद्यार्थी आले ते प्रामुख्याने मद्रासकडून, आणि त्यामागे एक फ्रेंच जेझुइट होता. फादर शार्ल रासीन यांनी पॅरिसमध्ये एली कार्तां यांच्या देखरेखीखाली डॉक्टरेट केली होती. १९३७ मध्ये ते भारतात आले आणि पुढे मद्रासच्या लोयोला कॉलेजात शिकवू लागले. वर्ग गाजवणाऱ्यांपैकी ते नव्हते. पण इंग्लंडमधल्या ट्रायपॉसच्या वळणाने चाललेल्या अभ्यासक्रमाबाहेर फ्रान्समध्ये काय नवे गणित घडते आहे, हे त्यांना ठाऊक होते आणि ते ती पुस्तके मुलांच्या हातात देत. मुलगा बरा दिसला की त्याला मुंबईची वाट दाखवत. शेषाद्री आणि नरसिंहन दोघेही लोयोलाचे आणि दोघेही १९५३ मध्ये संस्थेत आले. कॉलेजातल्या एका शिक्षकाने योग्य वेळी योग्य पत्ता सांगणे, याचे मोल किती असते ते पाहायचे तर या दोन नावांपुढची यादी पाहावी.

आता या शाळेच्या मुख्य हत्याराकडे येतो. ते म्हणजे व्याख्यानांच्या नोट्स.

चंद्रशेखरन यांनी जगातले उत्तमोत्तम गणिती मुंबईत बोलावण्याचा सपाटा लावला. हे पाहुणे दोन दिवसांत हारतुरे घेऊन परत जाणारे नव्हते. ते आठवडेच्या आठवडे, काही तर महिनोन्‌महिने राहत, एखादा विषय मुळापासून शिकवत, आणि प्रत्येक व्याख्यानमालेला एक तरुण नेमून दिलेला असे. त्याने नोट्स घ्यायच्या, त्या सलग लिहून काढायच्या आणि संस्थेने त्या टंकलिखित करून, चक्रमुद्रित प्रती काढून प्रसिद्ध करायच्या. लोरां श्वार्त्झ १९५५ मध्ये संमिश्र वैश्लेषिक बहुरूपांवर बोलले, नोट्स नरसिंहन यांच्या. माल्ग्रांज अनेक संमिश्र चलांच्या फलांवर बोलले, नोट्स राघवन नरसिंहन यांच्या. (हे वेगळे नरसिंहन. वाचकांनी गोंधळून जाऊ नये.) कोझुल तंतू-गुच्छ आणि विकलक भूमितीवर बोलले, नोट्स एस. रामनन यांच्या. झीगलसारख्या दिग्गजाच्या नोट्स एकदा खुद्द रामनाथन यांनी काढल्या, तर पुढच्या खेपेला एस. राघवन यांनी.

ज्याने असे काम केले आहे त्याला यातली मेख लगेच कळेल. मोठा गणिती फळ्यावर सगळे लिहीत नाही. ‘हे उघडच आहे’ म्हणून दोन ओळी वगळतो, आणि त्या दोन ओळींत कधी एक अख्खे प्रमेय दडलेले असते. ऐकणारा मान डोलावून पुढे जाऊ शकतो, लिहिणाऱ्याला ती सोय नाही. रात्री वही उघडून बसल्यावर सहाव्या ओळीवरून सातव्या ओळीवर कसे आलो, हे त्याला स्वतःच भरून काढावे लागते. जमले नाही तर दुसऱ्या दिवशी पाहुण्याला गाठून विचारावे लागते. विचारताना प्रश्न नेमका असावा लागतो, आणि पुष्कळदा उत्तर मिळते ते, ‘अरे, इथे माझीच एक अट राहिली.’ वर हे सगळे छापून आपल्या नावानिशी बाहेर जाणार! म्हणजे जबाबदारी खरी, लुटुपुटीची नाही. परीक्षेतल्या पहिल्या वर्गापेक्षा या एका कामाने मुलगा जास्त तयार होत असे. शिवाय परदेशी पाहुण्यालाही कळे की मुंबईतल्या या पोराशी आपण गणित बोलू शकतो. श्वार्त्झ यांच्याशी जुळलेल्या अशाच धाग्यावर नरसिंहन १९५७ मध्ये पॅरिसला गेले. त्याच सुमारास शेषाद्रीही गेले, आणि १९६० मध्ये दोघे मुंबईला परतले. परतले, हे महत्त्वाचे. १९६५ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आलेले नरसिंहन–शेषाद्री प्रमेय मुंबईत बसून लिहिले गेले. त्याची पुढे सायमन डोनाल्डसन यांनी नवी सिद्धता दिली, आणि २००६ मध्ये किंग फैसल पारितोषिक डोनाल्डसन व नरसिंहन यांना विभागून मिळाले.

नोट्सच्या या परंपरेतले सर्वांत लखलखीत नाव सी. पी. रामानुजम यांचे. तेही मद्रासचे, रासीन यांच्याच वाटेने १९५७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आले. विशीतच त्यांनी जर्मन गणिती डॉयरिंग यांच्या व्याख्यानांच्या नोट्स लिहिल्या. वाचन अफाट, समज त्याहून खोल. पण स्वतःचा असा प्रश्न काही सुटेना. दोन-अडीच वर्षे अशी गेली. संशोधन आपले काम नव्हे, कुठेतरी शिकवण्याची नोकरी धरावी, असे त्यांच्या मनाने घेतले. संशोधनाच्या वाटेवर हे वळण बहुतेकांना लागते, आणि ते ओळखणारा वडीलधारा भेटला नाही तर माणूस इथेच गळतो. रामनाथन यांनी त्यांच्यापुढे झीगलचा एक प्रश्न ठेवला. कोणतीही धन पूर्ण संख्या चार वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, हे १७७० मध्ये लाग्रांज यांनी सिद्ध केले. घन, चतुर्थ घात यांसाठीही किती पदे पुरतात, हा वेअरिंगचा प्रश्न. झीगल यांनी तो साध्या संख्यांऐवजी बैजिक संख्या-क्षेत्रांत नेला आणि विचारले, लागणाऱ्या पदांची मर्यादा क्षेत्र बदलले तरी तीच ठेवता येईल का? रामानुजम यांनी तो प्रश्न सोडवला. संस्थेने त्यांना बढती दिली, तर आपण तिला पात्र नाही म्हणून ते ती घेईनात आणि सहकाऱ्यांना त्यांची समजूत घालावी लागली. पुढे त्यांच्या डॉक्टरेटच्या परीक्षकांत खुद्द झीगल होते.

नंतर शाफारेविच आले, तेव्हा नोट्स रामानुजम यांच्या. ममफर्ड १९६७-६८ मध्ये आबेली बहुरूपांवर बोलले, तेव्हाही रामानुजम यांच्याच. या नोट्समध्ये त्यांनी वक्त्यांच्या सिद्धता दुरुस्त केल्या, काही ठिकाणी पूर्णच नव्या दिल्या, आणि दोघाही वक्त्यांनी ते मोकळेपणाने कबूल केले. ममफर्ड यांचे ‘आबेलियन व्हरायटीज’ जगभरच्या विद्यापीठांत आज पाठ्यपुस्तक आहे. त्याचा जन्म हा असा मुंबईत झाला. रामानुजम यांना १९६४ पासून मानसिक आजाराने गाठले होते. अधूनमधून ते संस्था सोडू पाहत, संस्था त्यांना धरून ठेवी. १९७४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी आपले आयुष्य संपवले. हुशार विद्यार्थ्याला उत्तम प्रश्न आणि उत्तम सोबत देणे या शाळेला साधले होते. आजारी माणसाला काय द्यावे, याचे उत्तर त्या काळी फारसे कोणाकडेच नव्हते.

गुरू-शिष्यांची साखळी आता आपोआप लांबत गेली. चंद्रशेखरन यांचे नरसिंहन. नरसिंहन यांचे एम. एस. रघुनाथन, जे १९६० मध्ये आले. रघुनाथन यांचे श्रीकृष्ण दाणी. दाणी मूळचे बेळगावचे, मुंबई विद्यापीठाचे एम.एस्सी. या शेवटच्या जोडीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ली समूहांवरच्या प्रवाहांबद्दल रघुनाथन यांनी एक अटकळ बांधली होती, पण स्वतः ती कुठे छापली नाही. दाणींनी १९८१ मधल्या आपल्या निबंधात ती रघुनाथन यांचे नाव घालून मांडली, आणि ओपनहाइम यांच्या १९२९ पासून अडून बसलेल्या प्रश्नाचा तिच्याशी संबंध असल्याचेही तिथे आले. पुढे मार्गुलिस यांनी याच वाटेने ओपनहाइमचा प्रश्न सोडवला आणि मरीना रॅटनर यांनी अटकळ पूर्णपणे सिद्ध केली. आज गणितात ती रघुनाथन यांच्या नावाने ओळखली जाते, कारण शिष्याने गुरूचे तोंडी बोलणे कागदावर आणले.

महिला फार उशिरा आणि फार थोड्या आल्या. पण आर. परिमला यांनी आर. श्रीधरन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट करता करता, १९७६ मध्ये, सेरच्या प्रश्नाचा द्विघाती अवतार खोटा ठरवणारे उदाहरण दिले. २०१० मध्ये हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय गणिती परिषदेत त्यांचे मुख्य व्याख्यान झाले.

इथपर्यंतच्या इतिहासात मुंबईतल्या आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांचा उल्लेख जवळजवळ नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. दोष एकट्या संस्थेचा नाही. मद्रासला आनंद राव, वैद्यनाथस्वामी, रासीन अशी शिक्षकांची रांग होती. आपल्याकडे गणितातला हुशार मुलगा इंजिनिअरिंगला जाई किंवा पदवी घेऊन शिक्षक होई. श्रीराम अभ्यंकर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूटमधून पदवी घेऊन १९५१ मध्ये थेट हार्वर्डला गेले. पण चर्चगेटचे विद्यापीठ आणि कुलाब्याची संस्था यांच्यात अंतर बसने अर्ध्या तासाचे असले, तरी विद्यार्थ्याच्या मनात ते फार मोठे होते, हेही खरे. तिथे आपण जायचे असते, असे त्याला कोणी सांगत नव्हते.

या अंतरावर पूल बांधण्याचा पहिला गंभीर प्रयत्न झाला तो विद्यापीठाच्या बाजूने. १९६३ मध्ये शरच्चंद्र श्रीखंडे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. बोस आणि पार्कर यांच्याबरोबर ऑयलरची जवळजवळ १८० वर्षांची अटकळ मोडून काढणारे तेच हे श्रीखंडे. त्यांच्या हाताखाली विद्यापीठात प्रगत अध्ययन केंद्र उभे राहिले. मध्य प्रदेशातल्या गुणा इथे जन्मलेला, उज्जैन आणि बनारसला शिकलेला विजयकुमार पाटोदी एक वर्ष याच केंद्रात राहिला आणि तिथून १९६७ मध्ये कुलाब्याला आला. नरसिंहन आणि रामनन यांच्या मार्गदर्शनाखाली चार वर्षांत त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. उष्णतेच्या समीकरणातून निर्देशांक-प्रमेयाकडे जाणाऱ्या त्या वाटेवर अनेक पदे एकमेकांना खोडतील, असे जाणकारांना केवळ वाटत होते. पाटोदीने अंगावर घेऊन ते हिशेब पुरे केले. लगोलग प्रिन्स्टनचे बोलावणे आले, आटिया आणि सिंगर यांच्याबरोबरचे निबंध आले. तिशीत तो प्राध्यापक झाला आणि डिसेंबर १९७६ मध्ये, मूत्रपिंडाच्या विकाराने, एकतिसाव्या वर्षी गेला. साध्या विद्यापीठातून आलेला मुलगा एका वर्षाच्या नेमक्या तयारीने कुठवर जाऊ शकतो, याचा याहून ठळक दाखला आपल्याकडे नाही.

दुसरा पूल सरकारी पैशाचा. अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये राष्ट्रीय उच्च गणित मंडळ स्थापन केले. शिष्यवृत्त्या, ग्रंथालयांना अनुदान, शिबिरांना खर्च, अशी कामे मंडळाकडे आली. रघुनाथन दीर्घकाळ त्याचे अध्यक्ष होते. याच मंडळाच्या आधारावर १९९३ मध्ये एस. कुमरेसन यांनी एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हे उन्हाळी शिबिर सुरू केले. कुमरेसन यांचे सुरुवातीचे संशोधन कुलाब्याचे, नोकरी तेव्हा मुंबई विद्यापीठात. सुट्टीतले चार आठवडे, देशभरातल्या कॉलेजांतली बी.एस्सी.-एम.एस्सी.ची मुले आणि एकच आग्रह: शिकवणाऱ्याने सांगत सुटायचे नाही, विचारत राहायचे. ‘व्याख्या सांग’ म्हटल्यावर मुलगा घडाघडा म्हणून दाखवतो. ‘आता ती व्याख्या जिथे लागू होत नाही असे उदाहरण दे’ म्हटले की वर्गात शांतता. मग शेवटच्या बाकावरची मुलगी चाचरत काहीतरी सुचवते, ते चुकते, का चुकले हे दुसरा सांगतो, आणि तासाभरात एक व्याख्या सगळ्यांच्या हाडीमाशी खिळते. अभ्यासक्रम पुरा होतो की नाही, याची फिकीर नाही. यॉट क्लबात मूठभरांना मिळालेली सवय इथे तालुक्याच्या गावातून आलेल्यांपर्यंत गेली.

पुढे पवईच्या आयआयटीबरोबर राष्ट्रीय गणित केंद्र आले आणि पीएच.डी.च्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी प्रगत प्रशिक्षणवर्ग देशभर भरू लागले. अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात संस्थेतून निवृत्त झालेले एस. एम. भाटवडेकर काम करू लागले, तेव्हा कुलाब्याचे बीजगणित एरंडवण्यात पोहोचले. शेषाद्री १९८४ मध्ये मद्रासला परतले आणि त्यांनी तिथे जे उभे केले, ते आज चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट म्हणून ओळखले जाते. तिथे १९९८ पासून बारावीनंतर लगेच मुले घेतात. चंद्रशेखरन स्वतः १९६५ मध्ये झुरिचला गेले होते. ते गेल्यावरही संस्था डळमळली नाही, कारण तोवर शिकवणारी दुसरी फळी तयार होती.

त्रुटी आजही आहेत. शिबिरात डोळे उघडलेला मुलगा जूनमध्ये आपल्या कॉलेजात परततो, तेव्हा तिथे त्याच्याशी गणित बोलणारे कोणी नसते. चार आठवड्यांचे शिबिर रासीन यांच्यासारख्या रोज भेटणाऱ्या शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. ही जागा भरणे कुलाब्याच्या हातात नाही. या स्मरणिकेच्या वाचकांत कॉलेजांतले प्राध्यापक बरेच असतील, म्हणून त्यांनाच विनंती. वर ज्या नोट्सचा उल्लेख आला, त्या संस्थेने संगणकावर नव्याने जुळवून विनामूल्य खुल्या केल्या आहेत. तुमच्या एम.एस्सी.च्या वर्गात ‘असे का?’ म्हणून दुसऱ्यांदा विचारणारा एखादा विद्यार्थी असेल, तर त्याला यातला एक खंड द्या, आठवड्यातून एक तास फळा मोकळा करून द्या आणि मागच्या बाकावर बसून त्याला अडवत राहा. शिबिरांचे अर्ज दरवर्षी निघतात. ते तुमच्या सूचनाफलकावर लागतील असे पाहा.